उभा धवला

मोरिवलीत लग्न ठरले की पत्रिका छापायला देण्याआधी वरपिता सखूबाईच्या ओटीवर येऊन बसतो. हा रिवाज तेथे आजही अबाधित आहे. सखूबाई गावची धवलारीण. हळद लागल्यापासून मांडव उतरेपर्यंतचा प्रत्येक विधी ज्या गीतांनी संपन्न होतो, ती गीते म्हणजे धवले. आणि ते धवले तिच्या कंठात वास करून आहेत. भटजी मंगलाष्टके म्हणतात, फोटो निघतात, अक्षता पडतात. परंतु लग्न खरे लागते ते धवल्याने, अशी तेथल्या वृद्धांची श्रद्धा. त्या श्रद्धेचा भार सखूबाईने आयुष्यभर मस्तकावर मुकुटासारखा वाहिला होता.

भाताच्या खाचरांवर कारखाने उभे राहिले, बांधांच्या जागी रुंद सडका आल्या, गावातली तरणी माणसे शिफ्टच्या भोंग्यावर उठू-निजू लागली. या सर्व स्थित्यंतरांत एक गोष्ट तेवढी ढळली नाही. हळदीच्या सकाळी गावदेवीचा कलश देवळातून मांडवात आणायचा, तो चालत आणायचा, आणि त्याच्यापुढे धवलारणीचा स्वर चालायचा. ही विद्या देताना सासूने सखूबाईला एक दंडक घालून दिला होता. देवीच्या वाटेवर उचललेला धवला मध्येच तोडायचा नाही. ठेच लागो, ठसका लागो, शेवटचे चरण मुखातून निघेपर्यंत स्वर थांबायचा नाही, आणि स्वर चालतो आहे तोवर पाऊलही थांबायचे नाही.

त्या दिवशी ओटीवर येऊन बसलेला वरपिता म्हणजे जयदेव. गावातला मातबर माणूस, चार ठिकाणी भाड्याने दिलेले गाळे, दारात मोठी मोटार. पण सखूबाईसमोर बसताना त्याने चपला अंगणातच काढल्या होत्या.

"काकी, कल्पेशचं ठरलं. चामटोलीची पोरगी हाय. वैशाखात उडवून टाकू."

"लगीन हाय का पतंग रं, उडवायला?" सखूबाई म्हणाली. "आन सुपारी."

जयदेवने सुपारी पुढे केली, पण हातातून सोडली नाही. "येक गोष्ट सांगतो, रागावू नको. देवी या खेपेला गाडीनं आनायची. माझीच गाडी. धुऊन, पुसून, सीटवर कोरा कपडा घालतो. एसी लावतो."

"देवीला घाम येतंय असं तुला कोनी सांगितलं?"

दाराआड सून जिज्ञासा हसली. जयदेव मात्र हसला नाही.

"काकी, गेल्या वर्षी काय झालं ते मी डोल्यांनी पायलं. बनूआत्या वाचली ती देवीच्या कृपेनं. माझ्या घरच्या कार्यात कोनाच्या आईभैनीचा पाय त्या चाकाखाली नको. तुला जमत नसंल तर ऱ्हाऊ दे. हल्ली धवले मोबाईलवर पन वाजतात."

हे शेवटचे वाक्य त्याच्या तोंडून निसटले आणि लगेच त्याचे त्यालाच उमजले की ते निसटायला नको होते. 

गेल्या वर्षीची घटना सारे गाव जाणून होते. गावची वाट औद्योगिक वसाहतीच्या मोठ्या सडकेला मिळते. तेथून सडकेच्या डाव्या कडेने थोडे चालले की डावीकडे कारखान्यांत जाणारा एक रस्ता फुटतो. त्याचे तोंड ओलांडले की पलीकडे उंबराखाली गावदेवीचे देऊळ. गेल्या वर्षी दुसऱ्या एका लग्नात सखूबाईच्या मागोमाग बायका पूजेची ताटे घेऊन, धवला गात, याच कडेने देवळाकडे चालल्या होत्या. मागून एक लांब ट्रेलर आला, लोखंडाने लादलेला. वळणाशी येताच तो उजवीकडे सरकला. बायकांना वाटले, भल्या माणसाने देवीच्या माणसांना वाट दिली. धवला चालू होता, पावले चालू होती. त्या पुढे निघाल्या. आणि उजवीकडे गेलेला तो ट्रेलर एकाएकी डावीकडे, थेट त्यांच्या अंगावर वळला. बनूबाईने ताट टाकून मागे उडी घेतली. नारळ, हळदकुंकू, पितळी ताट यांवरून मागची चाके गेली. ताट कागदासारखे चपटे झाले.

सखूबाईने हात पुढे केला आणि जयदेवच्या बोटांतून सुपारी काढून घेतली.

"देवी चालत येईल. आन त्या कोपऱ्यावर कोनाला नख जरी लागलं, तर ही सखू या गावात पुन्हा धवला उचलनार नाय. झालं तुझं समाधान?"

जयदेव उठला. "गाडी मी कोपऱ्यावर उभी ठेवनार, काकी. दार उघडं ठेवून. मला जरा जरी भ्या वाटलं, तर बायकांना आत बसवीन."

"ठेव. येसी बंद ठेव पन. फुकट पेट्रोल जाईल."

*

बोलताना सखूबाईचा स्वर ताठ होता. परंतु जयदेव गेल्यावर ती बराच वेळ सुपारी तळहातावर फिरवीत बसली. जन्मभराची विद्या तिने एका कोपऱ्यावर पणाला लावली होती, आणि त्या कोपऱ्यावर काय करायचे हे तिला ठाऊक नव्हते. वर्षभर तिने एकच उत्तर मनाशी धरले होते. तो चालक उन्मत्त होता, त्याने देवीचा मान राखला नाही. आता मात्र ते उत्तर तिला अपुरे वाटू लागले. मान न राखणारे आणखीही येतील. त्या सर्वांसाठी देवीने मोटारीत बसावे काय?

"आई, आपन त्यालाच विचारू या," जिज्ञासा म्हणाली. जिज्ञासा रोज स्कूटरवरून उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवायला जाई, आणि जाता-येता त्याच गाड्यांच्या रांगांमधून वाट काढी. "तो पिवल्या केबिनवाला ना? वजनकाट्याच्या बाहेर दिसतो मला कधी कधी."

"त्याला काय विचारायचं? दोन शिव्या द्यायच्या राहिल्यात त्या देते," असे म्हणत सखूबाईने पायात चपला घातल्या.

वजनकाट्यापाशी ट्रेलरांची रांग लागली होती. पिवळ्या केबिनच्या सावलीत एक पन्नाशीचा माणूस स्टोव्हवर भाजी परतत बसला होता. सखूबाईला पाहताच तो उलथने हातात धरून उभा राहिला.

"तुमी त्या दिवशीच्या मावशी. वळखलं मी." त्याचे नाव हरिचंद्र, मूळचा घाटावरचा, हल्ली उल्हासनगरात बिऱ्हाड. "मी पळालो न्हाई, मावशी. तुमच्या बायकांनी दगडं उचलली, म्हून काच वर घेतली अन् गाडी आत घातली."

"दगडंच उचलली, मारली नाय याचे उपकार मान," सखूबाई म्हणाली. "देवीचा धवला चालला व्हता. तुला ऐकू नाय आला?"

"न्हाई आला."

"इतक्या बायका पिवल्या लुगड्यांत. तुला दिसल्या नाय?"

"न्हाई दिसल्या."

त्याच्या सांगण्यात उद्धटपणा नव्हता, आणि म्हणूनच सखूबाईचा राग अधिक चढला. "डोले हायत का बटनं?"

हरिचंद्राने स्टोव्ह बंद केला. "वर या, मावशी. माझ्या जाग्यावर बसा. मंग काय म्हनायचं ते म्हना."

केबिनची पायरी तिच्या कमरेइतकी उंच. जिज्ञासाने खालून आधार दिला, हरिचंद्राने वरून हात दिला, आणि लुगड्याचा काष्टा सावरीत मोरिवलीची धवलारीण चालकाच्या आसनावर विराजमान झाली. समोर सडक तिला कधी नव्हे इतकी दूरवर दिसली. क्षणभर तिला ते आवडलेही. हरिचंद्राने इंजिन सुरू केले, काच वर घेतली, आणि खाली जिज्ञासाला हाताने खूण करून डाव्या बाजूला, पुढच्या चाकाजवळ, उभे राहून गायला सांगितले.

"आता सुनेला बगा."

सखूबाईने डावीकडे पाहिले. तेथे जिज्ञासा नव्हती. आरशात पाहिले. आरशात गाडीचा लांबलचक पाठीमागचा भाग आणि रिकामी सडक.

"कुठं गेली?"

"कुठं न्हाई गेली. गातीया. तुमीच शिकवलेलं गातीया, जोरात."

सखूबाईने कान दिला. इंजिनाचा घरघराट आसनातून तिच्या हाडांत शिरत होता. त्याच्यापलीकडे काही नव्हते. ज्या स्वराने वाटा मोकळ्या होतात असे तिने आजवर मानले होते, तो स्वर हाताच्या अंतरावर असूनही काचेच्या आत येत नव्हता. त्या जागी उभी राहिलेली तरणी, टाचेपासून केसांपर्यंत सगळी, जगातून पुसून टाकल्यासारखी नाहीशी झाली होती. आणि तीच जागा गेल्या वर्षी त्या साऱ्या बायकांची होती.

"ती जागा आमच्यासाठी नसतीच, मावशी," हरिचंद्र म्हणाला. "आनि लांब गाडीला डावीकडं वळायचं, तर आदी उजवीकडं जावं लागतं. मागची चाकं पुढच्यांच्या मागनं येत न्हाईत, आतनं कापत येतात. लोकास्नी वाटतं, यानं वाट दिली. मी वाट दिलेली नसती. मी वाट मागत असतो."

"मग थांबवायची ना गाडी."

"पाठीवर एवढं लोखंड घेऊन? ब्रेक मारला तरी ती आपल्या मनानं थोडी पुढं जानारच."

सखूबाई खाली उतरली. जिज्ञासा अजून गात होती. सासूचा चेहरा पाहून ती मध्येच थांबली, पण धवला तोडल्याबद्दल सासू तिच्यावर रागावली नाही.

"मग आमी तुला दिसाव्या कशा?"

"तुमास्नी आरशात माझं तोंड दिसलं, तर मला तुमी दिसला. तोंड दिसत न्हाई तर मागं थांबा, कोपऱ्यापासनं लांब. आनि मी हात वर केला, तरच पाय उचला." थोडे थांबून तो पुढे म्हणाला, "त्या दिवसापासनं मी कोपरा आला की काच खाली घेतो, मावशी. पर समद्या गाड्या माझ्या न्हाईत."

सखूबाईने कमरेची पिशवी सोडली, चिमूटभर हळदीच्या अक्षता काढून त्याच्या तळहातावर ठेवल्या. "कल्पेशच्या लग्नाचं आवतन हाय तुला. शिव्या तेवढ्या उधार ऱ्हाऊ दे."

"जेवन भारी आसंल तर शिव्या बी चालतील," हरिचंद्र म्हणाला.

*

घरी परतल्यावर सखूबाई दोन दिवस त्याच कोपऱ्याचा विचार करीत राहिली. तिच्यापुढचा प्रश्न आता चालकांचा राहिला नव्हता, तिच्या स्वतःच्या दंडकाचा झाला होता. कोपऱ्यावर थांबायचे तर धवला तुटतो. धवला तोडायचा नाही तर थांबता येत नाही. सासूच्या शब्दाला तिने कधी ओलांडले नव्हते.

"आई, मोडला तर मोडला," जिज्ञासा म्हणाली. "देवी काय रागवनार हाय?"

"देवी नाय रागवनार. मी रागवेन." मग तिला काही आठवले आणि ती सावरून बसली. "ऐक. गावची विहीर बुजवली तवा पान्याचा धवला कुठं म्हनायचा, असा घोर पडला व्हता. विहिरीबिगर तो म्हनायचा कसा? तर माझ्या सासूनं काय केलं? नलावर जाऊन उभी ऱ्हायली, आन नलाचा धवला रचला. कोनी विचारलं, तर म्हनाली, धवला पान्याचा हाय, दगडांचा नाय."

"म्हंजे?"

"म्हंजे धवला तोडायचा नाय, आखूड करायचा. गावाकडनं निघालेला धवला कोपऱ्याच्या आधीच संपंल असा बेतायचा. तिथं उभं ऱ्हाऊन म्हनायचा एक नवा. गाडीवाल्यानं हात केला की तो पुरा करायचा, आन मुक्यानं रस्ता ओलांडायचा. पलीकडं गेल्यावर तिसरा उचलायचा."

"मुक्यानं?"

"गाताना मानूस आत बघतो गो. रस्त्यावर भाईर बघावं लागतं."

मांडवाच्या तयारीला बायका जमल्या तेव्हा तिने तो नवा धवला त्यांना म्हणून दाखवला. प्रथम बनूबाईने नाक मुरडले. "उभ्यानं धवला? ही काय बशीची रांग हाय?" परंतु चाल लागली तशी तीही टाळ्या देऊ लागली.

*

हळदीची सकाळ उजाडली. पिवळी लुगडी नेसलेल्या बायका, डोक्यावर रिकामा कलश घेतलेली बनूबाई, पुढे सखूबाई, मागे सनई-संबळ, असा थाट गावातून निघाला. वडीलधारी माणसे आपापल्या दारांत हात जोडून उभी होती. सखूबाईचा स्वर त्या दिवशी असा लागला होता की वाजंत्र्यांनी आपण होऊन हात हलका केला.

कोपऱ्यापासून बऱ्याच अलीकडे, जेथे सडकेची कड रुंद आहे, तेथे पहिल्या धवल्याचे अंतिम चरण पूर्ण झाले. सखूबाई थांबली. तिच्यामागे सर्व थांबल्या. रस्त्याच्या तोंडापाशी जयदेवची मोटार उभी होती, दार सताड उघडे. आणि स्वतः जयदेव, जरीचा फेटा बांधून, बायकांना बोलावण्यासाठी मध्येच उभा.

सखूबाईने उभा धवला उचलला.

*उबी ऱ्हा गो आय माझे, उबी सडकंच्या काठी,*
*चाक चाललंय लोखंडाचं, जाऊं दे त्याच्या वाटी.*
*तोंड दिसूं दे गाडीवाल्याचं, हात होऊं दे वरी,*
*मंग नेईन गो आय तुला मांडवाच्या घरी.*

मागून ट्रेलर आला. हरिचंद्राचा नव्हता, परप्रांतातील पाटीचा, केबिन लाल, चालक अनोळखी. त्याला ना आवतन पोचले होते ना अक्षता. बायकांच्या बाजूने पुढे जाऊन, वळणाशी येताच त्याने वेग कमी केला आणि तो उजवीकडे सरकला. सडकेचा डावा भाग मोकळा पडला, अगदी गेल्या वर्षीसारखाच.

"वाट दिली, वाट दिली!" जयदेव ओरडला. "चल काकी, लवकर चल! बायकांनो, आटपा!"

दोन-तीन जणींची पावले उचलली गेली. बनूबाईचा हात डोक्यावरच्या कलशाला घट्ट बिलगला. सखूबाई मागे वळली नाही, ओरडली नाही. तिने केवळ धवल्याचे पहिले चरण पुन्हा उचलले, किंचित वरच्या पट्टीत. उबी ऱ्हा गो आय माझे. उचललेली पावले जागच्या जागी परतली. लाल केबिनच्या आरशाकडे तिची दृष्टी लागली होती. आरशात आकाश होते, विजेची तार होती, मुख नव्हते.

"जयदेव, भाईर ये तिथनं!" जिज्ञासा किंचाळली, वडीलधाऱ्या माणसाला एकेरी हाक मारल्याचे भान न ठेवता.

तो कसा मागे सरला, हे त्याला स्वतःलाही नंतर सांगता आले नाही. लाल केबिन डावीकडे फिरली. तिच्यामागून ते लांबच लांब अंग आतून कापत आले, आणि जेथे बायका पोचल्या असत्या, जेथे क्षणापूर्वी जयदेव हात हालवीत होता, त्या मातीवरून मागची चाके एकामागून एक, सावकाश, जड, निर्विकार फिरत गेली. उघड्या दाराच्या मोटारीपासून वीतभर अंतर राखून ट्रेलर आत निघून गेला. अनोळखी चालकाला काही कळलेही नाही.

मातीत चाकांच्या नक्षीचा ताजा ठसा उरला. सारे त्याच्याकडे पाहत राहिले. उभा धवला मात्र चालूच होता.

त्याच्या मागोमाग दुसरा ट्रक आला. याने दुरूनच वेग उतरवला आणि बायकांच्या जरा पुढे जाऊन थांबला. सखूबाईने आरशात पाहिले. त्यात एक दाढीवाले मुख होते, आणि ते तिच्याकडे पाहत होते. तिने हात वर केला. आरशातल्या माणसाने हात वर केला. तिने अखेरचे चरण पूर्ण केले, संबळ थांबले, आणि मोरिवलीच्या बायका, जन्मात कधी न पाळलेल्या मौनाने, मस्तके ताठ, डोळे उघडे ठेवून, त्या रस्त्याचे तोंड ओलांडून गेल्या. उंबराखाली पोचताच तिसरा धवला असा उसळला की देवळाच्या शिखरावरची कबुतरे उडाली.

कलश भरून परत निघताना जयदेव त्यांच्यात येऊन मिळाला. त्याने ड्रायव्हरला मोटार घरी न्यायला सांगितले होते. फेटा सैल झाला होता, तो नीट करण्याचेही त्याला सुचले नव्हते. कोपरा आला तसा मागून कोणी उतावळा पाहुणा म्हणाला, "चला की, रस्ता रिकामा हाय!"

"गप ऱ्हा," जयदेव म्हणाला. "तुला दिसतंय तेवढाच रस्ता नसतो." आणि सखूबाईकडे वळून, सर्वांदेखत, हात जोडून तो म्हणाला, "काकी, म्हन तू. तुझा हुईल तवा जाऊ."

सखूबाईने त्याच्याकडे पाहिले, आणि वर्षानुवर्षांत प्रथमच एका यजमानाला उत्तर देण्याऐवजी तिने थेट स्वर लावला. या खेपेला तिच्यासोबत जयदेवही गुणगुणत होता, बेसूर, पण मनापासून.

दुसऱ्या दिवशी पंगतीत हरिचंद्र खरोखरीच जेवून गेला. त्याच पंगतीत चामटोलीकडची एक धवलारीण, वयाने सखूबाईहून थोरली, वाढप्यांना चुकवीत तिच्याजवळ येऊन बसली. त्यांच्याही गावाशेजारून मोठी सडक गेली होती, आणि त्यांचीही देवी पलीकडेच.

"तो तुमचा उभ्याचा धवला मला देशील का गो?" तिने विचारले. एका धवलारणीने दुसरीकडे धवला मागणे ही लहान गोष्ट नव्हे. सखूबाईने ती ओळखली. तिने पानातला हात धुतला, पदर सावरला, आणि म्हातारीचा हात धरून तिला उठवले.

"देईन की. पन तो बसून शिकवता येत नाय. चल, सडकंवर चल."